बोंडलं

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणी न बोलताच ठरलेलं असतं. माझं माहेर चंदगड तालुक्यात, शिनोळीजवळ. बेळगावातल्या वडगावच्या घरातून गाडीवर तासभरही लागत नाही. पण मे 2021 मध्ये आरटीपीसीआरचा कागद नसेल तर महाराष्ट्रातून येणाऱ्याला बाचीच्या नाक्यावरून कर्नाटकात आत सोडत नव्हते. आई तिकडं, मी इकडं. वर लॉकडाऊन, त्यामुळं घरचे मागही बंद. इतकी शांतता वडगावात मी कधी ऐकली नव्हती.

कळा यायच्या आधीच टेस्ट पॉझिटिव्ह आली. ताप बेताचाच होता, फक्त वास गेला होता. मुलगी झाली, ती निगेटिव्ह. तिला लगेच दुसऱ्या खोलीत नेलं आणि डब्याचं दूध सुरू केलं. मला कुणी विचारलं नाही. त्या नर्सबाईंना तरी काय बोलणार, एकटीच्या अंगावर सगळा वॉर्ड होता.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. मी माडीवरच्या खोलीत, बाळ खाली जाऊबाईंकडं. तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला आणि छाती दगडासारखी झाली. गरम पाण्याचा शेक घेऊन हातानं वाटीत दूध काढायचं, वाटी पायरीवर ठेवायची, जाऊबाई ती नेऊन बोंडल्यानं पाजायच्या. पोरगी खाली रडली की वर माझा ब्लाऊज भिजायचा.

सासूबाई म्हणाल्या, "पंधरा दिवस वरचं पाज की गं. काय बिघडतंय? तिला काय झालं म्हंजे?" त्यांचं भय खोटं नव्हतं. त्याच आठवड्यात गल्लीत दोन माणसं गेली होती.

दवाखान्यातून दिलेला एक कागद थायी कार्डात, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी कार्डात, तसाच पडून होता. सगळा कन्नडमध्ये. मी मराठी शाळेतली, अक्षर लावत लावत वाचते. जाऊबाई गोकाककडच्या. त्यांनी पायरीवर बसून मला तो मराठीत सांगितला. पॉझिटिव्ह आईनंही अंगावर पाजावं, हात साबणानं धुवावेत, तोंडाला मास्क लावावा. रोग श्वासातून पसरतो, दुधातून नाही. उलट आईच्या दुधातून बाळाला प्रतिपिंडं मिळतात. जागतिक आरोग्य संघटना हेच 2020 पासून सांगत होती. आमच्या घरात ते पोचलं पाचव्या दिवशी, तेही पायरीवर.

त्याच रात्री मी सांगितलं, तिला वर आणा. सासूबाई बोलल्या नाहीत, पण मास्क उकळून वाळत घातलेले मला सकाळी दिसले.

बोंडल्याची सवय झालेली, ती लवकर धरेना. दोन दिवस नुसती झटापट. माझ्या मावसबहिणीनं त्याच लाटेत डब्याचंच दूध दिलं. ती ऑक्सिजनवर होती. तिला "पाजलं का नाहीस?" असं विचारणाऱ्या बायकांचा मला अजून राग येतो.

आईनं डिंकाचे लाडू नाक्यापर्यंत आणून दिले. नवऱ्यानं ते पलीकडून घेतले. लाडवांना वास येत नव्हता, पण खाल्ले.

स्तनदा मातांना लस द्यायला केंद्रानं 19 मे रोजी परवानगी दिली, पण कोविड होऊन गेलेल्यांनी तीन महिने थांबायचं होतं. माझा नंबर सप्टेंबरात लागला. सुई भरता भरता बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, "हालु कुडिस्तीरा?" दूध पाजता का?

"हौदरी," हो, मी म्हटलं.