तुम्ही विचारलेत म्हणून : या मुलांना धीर का धरवत नाही?

मी बडोद्यात वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना अकाउंट्स शिकवते. त्यामुळे दांडिया बाजारातल्या गणपतीची आरती आटोपल्यावर, लग्नाच्या पंगतीत किंवा खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना भेटणारे पालक मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारतात. "तुम्ही रोज या मुलांमध्ये असता, म्हणून विचारतो. आम्ही एका नोकरीत तीस-पस्तीस वर्षे काढली, साहेबांची बोलणी खाल्ली, पण टिकलो. यांना दोन वर्षेसुद्धा धीर का धरवत नाही?" उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही आणि माझेही होत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ज्यांच्याबद्दल हा प्रश्न असतो ती मुले साधारण १९९७ नंतर जन्मलेली आहेत. वर्तमानपत्रे त्यांना 'जेन झी' म्हणतात. त्यांतली थोरली आता संसाराला लागली आहेत आणि माझ्या वर्गातली धाकटी नुकतीच मतदार यादीत आली आहेत. त्यांच्या धीराविषयी माझे मत असे, की माणूस धीर धरायला शिकतो तो उपदेशाने नव्हे. आधी ज्यांनी धीर धरला त्यांच्या पदरात काय पडले, हे पाहून शिकतो. आपल्या पिढीने ते फळ घराघरांत पाहिले. या मुलांना ते फारसे पाहायला मिळालेले नाही.

माझ्या घरचेच सांगते. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ज्या सरकारचे ते नोकर होते ते सरकारच उरले नाही. पुढे १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला तेव्हा मराठी कुटुंबांपुढे मुंबईकडे जावे की इथेच राहावे, हा पेच पडला. म्हणजे अनिश्चितता त्यांच्याही वाट्याला आली होती, आणि जुन्या काळी सगळे स्थिरस्थावर होते असे जे आपण सहज म्हणतो ते खरे नाही. पण त्यांची नोकरी नव्या राज्यात चालू राहिली आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळाले. माझे वडील रेल्वेत, प्रतापनगरच्या कार्यालयात लागले. त्याच सुमारास या शहराभोवती मोठमोठे कारखाने उभे राहत होते. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, खतांचा कारखाना त्याच दशकातला, आणि पेट्रोकेमिकल्सची कंपनी १९६९ ची. जवाहरनगर आणि फर्टिलायझरनगर या वसाहतींत वाढलेल्या माझ्या मैत्रिणींना क्वार्टर, शाळा, दवाखाना आणि संध्याकाळचे मैदान हे सगळे वडिलांच्या नोकरीबरोबरच मिळालेले होते. त्या नोकरीत साहेबांची बोलणी खाण्याला अर्थ होता, कारण ती खाऊन झाल्यावर काय मिळणार हे कागदावर लिहिलेले होते आणि शेजारच्या क्वार्टरमधून निवृत्त होऊन गेलेल्या काकांना ते प्रत्यक्ष मिळालेलेही होते.

हा कागदच पुढे बदलला. केंद्र सरकारच्या नागरी नोकरीत १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते आणि ती बाजारात गुंतवली जाते. गुजरात सरकारच्या नोकरीत हाच बदल १ एप्रिल २००५ पासून लागू झाला. इथे तर नवा माणूस आधी पाच वर्षे फिक्स, म्हणजे ठरलेल्या एकाच रकमेच्या, पगारावर राहतो आणि त्यानंतर पूर्ण वेतनश्रेणीत जातो. कारखान्यांत कायम कामगारांच्या जागी कंत्राटी माणसे आली. केंद्राने २०२५ मध्ये निश्चित पेन्शनची एक नवी योजना आणली आहे, पण ती केंद्रीय नोकरांपुरती. मॉलमधल्या, कॉल सेंटरमधल्या किंवा सीएच्या ऑफिसातल्या मुलाला तिचा काहीच उपयोग नाही. या बदलांतले काही आवश्यकही असतील, सरकारी तिजोरीचे गणित मला समजते. माझे म्हणणे एवढेच, की बदल झाले तेव्हा ही मुले पाळण्यात, बालवाडीत किंवा फार तर पहिली-दुसरीत होती, काही तर जन्मलीही नव्हती, आणि आपण मात्र त्यांना जुन्या कागदाच्या भरवशावर धीर धरायला सांगत राहिलो.

त्यानंतर त्यांच्या ऐन वाढीच्या वयात जे घडले त्यावर मला जरा थांबून लिहावेसे वाटते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट अगदी स्वस्त झाले. नोव्हेंबरात एका रात्रीत पाचशे-हजारांच्या नोटा बाद झाल्या आणि वडीलधारी माणसे बँकेच्या रांगेत उभी असलेली त्यांनी पाहिली. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले. मग २०२१ मध्ये गुजरात बोर्डाची दहावी आणि बारावी, नियमित विद्यार्थ्यांच्या दोन्ही परीक्षा रद्द झाल्या आणि त्यांना मास प्रमोशन मिळाले, म्हणजे परीक्षेशिवायच पास केले गेले. बारावीच्या मुलांचे निकाल मागच्या वर्षांचे आणि चाचण्यांचे गुण मिळवून लावले गेले. त्या मुलांनी परीक्षा नको असे म्हटले नव्हते. अनेकांनी दोन वर्षे क्लास लावले होते, कोणी पहाटे चारला उठत होते. आणि ज्या दिवसासाठी हे चालले होते तो दिवस आलाच नाही. पुढे ती आमच्याकडे आली तेव्हा पहिल्या लेखी परीक्षेत तास-दीड तासानंतर पेन खाली ठेवून बोटे दाबत बसलेली मुले मी पाहिली आहेत. सलग तीन तास लिहिण्याची हाताची सवयच मोडली होती. अशा मुलांना 'मास प्रमोशनवाले' म्हणून हिणवणारी मोठी माणसेही मी ऐकली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते. कष्ट केले तरी त्यांचा हिशेब होईलच असे नाही, हे ती सतराव्या वर्षी शिकली. आपण ते पन्नाशीत शिकलो, आणि काहींना तर ते शिकण्याची वेळच आली नाही.

तरीही यांच्यात धीर नाही हे मला मान्य नाही, कारण याच पिढीतली कितीतरी मुले सरकारी भरतीसाठी चार-चार, पाच-पाच वर्षे अभ्यास करतात. २९ जानेवारी २०२३ रोजी गुजरातमध्ये ज्युनियर क्लार्कची परीक्षा होती आणि अर्जदार साडेनऊ लाखांच्या घरात होते. त्या दिवशी सकाळी, मुले एसटीने आणि रेल्वेने परगावच्या केंद्रांवर निघालेली असताना, पेपर फुटल्यामुळे परीक्षा रद्द झाल्याचे जाहीर झाले. तीच परीक्षा ९ एप्रिलला पुन्हा घेतली गेली आणि लाखो मुले पुन्हा जाऊन बसली. याला धीर म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? ज्यांचा मुलगा खासगी नोकरी सोडतो ते पालक मला प्रश्न विचारतात. ज्यांचा मुलगा पाचव्यांदा फॉर्म भरतो ते गप्प असतात, म्हणून आपल्या बोलण्यात पिढीचे अर्धेच चित्र येते.

आता नोकरी सोडणाऱ्यांविषयी. आमची एक विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी नोकरीचे ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे आली. वर्षाचे पॅकेज ३,६०,००० रुपये होते, म्हणजे महिना तीस हजार असे घरच्यांनी धरले होते आणि वडिलांनी सोसायटीत पेढेही वाटले होते. तिने मात्र ते पत्र पेन्सिलीने खुणा करून आणले होते. तिसांतले तीन हजार 'व्हेरिएबल', म्हणजे वर्षाअखेरी कंपनीला वाटले तर मिळणारे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, १,८०० आणि तिचा स्वतःचा १,८००. ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या रकमेपोटी, सुमारे ७२०, विम्याचे ५००, व्यवसाय कराचे २००. हे सगळे वजा जाता हातात येणार होते बावीस हजारांच्या आत. तिने नोकरी सोडायची तर नव्वद दिवसांची नोटीस आणि कंपनीने तिला काढायचे तर तीस दिवसांची, या ओळीखाली तिने दोनदा रेघ मारली होती. मग तिने मला शांतपणे विचारले, "मॅडम, कायम नोकरीतल्या माणसाला ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी मिळते ना? मी तिथल्या मुलींना विचारून आले. पाच वर्षे झालेली त्या टीममध्ये एकही नाही. मग ती माझ्या पगारात कशी मोजली?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी असा प्रश्न विचारणे मला सुचलेही नसते. नेमणुकीचा कागद आम्ही देवापुढे ठेवला होता. तिने ती नोकरी धरली, दीड वर्ष मन लावून केली आणि अधिक पगाराची मिळताच सोडली. तिच्या वडिलांना ते चंचलपण वाटले. मला तिचा हिशेब बरोबर वाटतो. जिथे दहाव्या वर्षी काही मिळण्याची शक्यता नाही, तिथे दुसऱ्या वर्षी जास्त पगार मागणे हाच व्यवहार आहे, आणि तो आपणच त्यांना शिकवला आहे. पॅकेज, इन्क्रिमेंट, स्विच हे शब्द मुले कंपन्यांकडूनच शिकून येतात.

परदेशी जाण्याचेही असेच झाले. परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचे, आयईएलटीएसचे, क्लास शहरभर आहेत आणि कॅनडाला जाणे हा कित्येक घरांचा ठरलेला मार्ग होता. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि अर्ध्यावर असलेल्या मुलांचे बेत कोलमडले.

पालकांच्या तक्रारीत तथ्य नाही असे मात्र मी म्हणणार नाही. एखादे काम वर्षानुवर्षे केल्याने हाताला जी समज येते ती अठरा महिन्यांत येत नाही. जुन्या पेढीवरचे मुनीमजी खतावणीवर नजर टाकून चूक कुठे आहे ते सांगत, आणि ती नजर एकाच टेबलावर बसून तयार झालेली होती. माझ्या हुशार विद्यार्थ्यांना टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर येते, जीएसटीचे रिटर्न भरता येते, पण आकडा चुकीचा 'वाटणे' ही गोष्ट फार थोड्यांना येते. हे नुकसान खरे आहे, आणि ते मुलांचेच आहे. ते भरून काढण्याचे काम त्यांना कामावर ठेवणाऱ्यांनीही करायला हवे, कारण शिकवायला वरिष्ठ कोणी टिकलाच नाही तर नवा मुलगा शिकणार कोणाकडून?

एका बाबतीत मात्र मी या मुलांशी भांडते आणि भांडत राहणार आहे. नोकरी बदलली की त्यांतली पुष्कळशी पीएफ काढून घेतात आणि त्यातून मोबाइल, गोव्याची सहल किंवा बाइकचा हप्ता भागवतात. पंधरा हजार मूळ पगार धरला तर कंपनीच्या १,८०० रुपयांतले १,२५० पेन्शन योजनेत जातात, आणि ती पेन्शन मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. ही सेवा एकाच मालकाकडची असावी लागत नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खातेदार क्रमांक, तोच ठेवून खाते नव्या नोकरीत वर्ग केले तर वर्षे जोडली जातात. दर वेळी सगळे काढून घेतले तर जमलेली सेवा बुडते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. ही पेन्शन मोठी नाही. आजच्या नियमाने ती किमान महिना एक हजार आणि पूर्ण पस्तीस वर्षांनंतरही साडेसात हजारांच्या आसपास आहे, हे मी त्यांच्यापासून लपवत नाही. "एवढ्याशासाठी कशाला थांबायचे?" असे ती विचारतात तेव्हा मी त्यांना फळ्यावर मुद्दल आणि चक्रवाढ व्याज मांडून दाखवते, शेवटच्या तासाला प्रत्येकाचा यूएएन वहीत लिहून घ्यायला लावते, आणि नोकरी बदलल्याचे पेढे घेऊन कोणी आले की पहिला प्रश्न विचारते तो पीएफ वर्ग केला का, हाच. निम्मी मुले अजून "नाही मॅडम" असेच म्हणतात. मग मी त्यांना तिथेच बसवून फॉर्म भरून घेते.