बारा मिनिटांचा हिशोब

पगार काढायच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलाकडे कोणी फिरकत नाही. हजेरी बंद करायची, रजा बसवायच्या, कपाती लावायच्या आणि पाचच्या आत बँकेची फाईल सरांच्या सहीला न्यायची. त्या दिवशी कोणी हाक मारली तरी मी मान वर न करता उत्तर देते. त्यामुळे साफसफाईच्या मावशी दुपारी अडीचला येऊन उभ्या राहिल्या तेव्हा आधी मी वैतागले. पण लगेच दुसरा विचार आला आणि मला आनंद झाला.

कारण टेबलाच्या वरच्या खणात येशूबद्दल सांगणारी पाच पत्रकं होती. आमच्या चर्चच्या मंडळीने त्या महिन्यात ठरवलं होतं, की प्रत्येकाने कामाच्या ठिकाणच्या पाच जणांची नावं लिहायची, त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची आणि महिनाअखेरीला पत्रक देऊन उपासनेला बोलवायचं. माझ्या यादीत मावशींचं नाव पहिलं होतं. तीन आठवडे मी त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थना केली होती. आणि आज त्या आपणहून माझ्यासमोर उभ्या होत्या. देवानेच पाठवलं, असं मला वाटलं. (आजही तसंच वाटतं. कशासाठी पाठवलं, ते मात्र मी त्या वेळी उलटं धरलं होतं.)

मी खण उघडून एक पत्रक काढलं आणि हाताखाली धरलं. तोवर मावशींनी पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली.

हाताच्या पंजाएवढी वही. एका बाजूने छापलेले, वाया गेलेले कागद कापून मधोमध दोऱ्याने शिवलेले. आमच्याच ऑफिसातले कागद होते ते; एका पानाच्या पाठीवर मला माझ्याच पगारपत्रकाचा अर्धा मथळा दिसला. कोऱ्या बाजूला पेन्सिलने आखलेले तीन रकाने: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. आकडे एकाखाली एक, जपून काढलेले. कुठे खाडाखोड नाही. सत्तेचाळीस दिवसांची नोंद होती.

"मॅडम, रागावू नका," मावशी म्हणाल्या. "एवढंच विचारायचं होतं. मशीन माझी बारा मिनिटं कुठे ठेवतं?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. पाळी दोनला सुटते. पण पुढच्या पाळीची बाई आल्याशिवाय निघता येत नाही. किल्ल्या द्यायच्या, मॉप आणि बादल्या मोजून द्यायच्या, केमिकलच्या बाटल्यांची पातळी दाखवायची. त्यात दहा-बारा मिनिटं जातात. मशीनवर बोट लावेपर्यंत दोन बारा झालेले असतात, पण पगाराच्या चिठ्ठीवर दोनच धरलेले. दोन पंधरा झाले तर पाव तास मिळतो, म्हणून एकदोघी मुद्दाम थांबू लागल्या, तर सुपरवायझरने ओरडून त्यांना बाहेर काढलं. आणि सकाळी सहाच्या पाळीला सहा तीनला बोट लागलं, तर आल्याची वेळ सहा पंधरा.

"बघते," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. मावशी वही तिथेच ठेवून गेल्या. पत्रक माझ्या हाताखालीच राहिलं.

मशीन ती बारा मिनिटं कुठे ठेवतं, हे मला पक्कं माहीत होतं. ते सेटिंग मीच केलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी हजेरीचं नवं सॉफ्टवेअर बसवलं, तेव्हा बसवायला आलेल्या मुलाने मला विचारलं होतं, "मॅडम, राउंडिंग कसं ठेवू?" तीन पर्याय होते. जवळच्या पाव तासाला, कामगाराच्या बाजूने किंवा कंपनीच्या बाजूने. मी तिसरा सांगितला. मला कोणी हुकूम दिला नव्हता. सरांना मी नंतर जाता जाता सांगितलं, त्यांनी मान हलवली. काळजीपूर्वक हिशोब ठेवणाऱ्याने असंच करायचं असतं, असं मी धरून चालले होते. दहा सेकंदांचं काम. ऑफिसच्या लोकांचा पगार महिन्यावर, त्यांना या सेटिंगने काहीच फरक पडत नव्हता. तासावर पगार फक्त साफसफाईच्या माणसांचा.

नशिबाने सॉफ्टवेअर मूळ पंच, म्हणजे बोट लागल्याची खरी वेळ, पुसत नाही. कापलेली वेळ वेगळ्या रकान्यात दाखवतं. मी चौदा महिन्यांची नोंद उतरवून घेतली आणि बँकेची फाईल तशीच ठेवून बेरीज करत बसले. मावशींची रोजची सरासरी खरंच बारा मिनिटं निघाली. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर पाच तास बारा मिनिटं. चौदा महिन्यांचे बहात्तर तास अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे आठ तासांचे पूर्ण नऊ दिवस त्यांनी फुकट काम केलं होतं. असे एकतीस जण. कोणाचे सात दिवस निघाले, कोणाचे अकरा. सगळे मिळून पावणेतीनशे दिवसांच्या आसपास.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडकवून ठेवलेल्या मजुरीबद्दल लिहिलंय. शेतं कापणाऱ्यांची ती मजुरीच ओरडते आहे आणि कापणाऱ्यांची हाक प्रभूच्या कानापर्यंत गेली आहे, असं. हे वचन मी लहानपणापासून ऐकत आले. ते जमीनदारांसाठी आहे, असं समजत आले. त्या दुपारी मला पहिल्यांदा दिसलं, की मजुरी अडकवायला जमीनदारच लागतो असं नाही, एक सेटिंग पुरतं. आणि याहून जास्त जिव्हारी लागलं ते असं: तीन आठवडे मी रोज सकाळी या बाईचं नाव देवापुढे घेत होते, आणि रोज दुपारी त्याच बाईची बारा मिनिटं माझ्या हातून कापली जात होती. दोन्ही एकाच खुर्चीत बसून.

मग मनात पळवाटा यायला लागल्या. त्या लिहायला हव्यात, कारण त्या वाईट दिसत नव्हत्या. पहिली: सेटिंग गुपचूप बदलायचं, पुढच्या महिन्यापासून सगळं बरोबर, मागचं कोणाला कळायची गरज नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, हळू आवाजात, हेच सुचवलं. दुसरी पळवाट जास्त गोड होती. मावशींना आपल्या खिशातून काहीतरी द्यावं, मंडळीच्या मदतनिधीतूनही मिळेल, आणि सोबत पत्रक द्यावं. मावशी खूश झाल्या असत्या. मंडळीत मी साक्ष दिली असती आणि सगळ्यांनी "आमेन" म्हटलं असतं.

इथे मला जक्कयाने अडवलं. येशूला भेटल्यावर बदललेला हा श्रीमंत जकातदार. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो उभा राहून जे बोलतो ते आम्ही एकच वाक्य म्हणून वाचतो. हिशोबाचं काम करणाऱ्याने वाचलं तर त्यात दोन नोंदी आहेत. अर्धी मालमत्ता गरिबांना, ही एक. ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत, ही दुसरी. पहिली दान आहे, दुसरी देणं आहे. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात टाकून तो मोकळा होत नाही. जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नियमही तसाच आहे: आधी कबुली, मग पूर्ण भरपाई, वर पाचवा हिस्सा, आणि तो ज्याचा अपराध केला त्याच्या हातात. मी मावशींना मदत करायला निघाले होते आणि मुळात मी त्यांची देणेकरी होते. देणेकऱ्याने दाता म्हणून समोर जाणं ही लबाडी आहे, मग ती कितीही प्रेमाने केलेली असो.

आमच्या अभ्यासगटात मागे जॉन वूलमनबद्दल ऐकलं होतं. अठराव्या शतकात, न्यू जर्सीतल्या माउंट हॉली गावात, हा तरुण क्वेकर (क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ) एका दुकानात कारकुनी करायचा. १७४२ च्या सुमारास मालकाने आपल्याकडची एक गुलाम स्त्री विकली आणि वूलमनला खरेदीखत लिहायला सांगितलं. गिऱ्हाईक समोर थांबलेलं, तेही क्वेकरच. वूलमनचं मन खात होतं, तरी त्याने खत लिहून दिलं. फक्त दोघांसमोर एवढं बोलला, की माणसं गुलाम म्हणून बाळगणं ख्रिस्ती धर्माला धरून नाही असं मला वाटतं. पुढे दुसऱ्या कोणी असाच कागद मागितला तेव्हा मात्र त्याने नकार दिला. मग तो वर्षानुवर्षं गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्याच घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून, हे बोलत राहिला. १७५८ मध्ये क्वेकरांच्या फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने अशा सभासदांना भेटायला माणसं नेमली, त्यांत वूलमनही होता. १७७६ मध्ये त्या सभेने गुलाम बाळगणाऱ्यांना सभासद म्हणून ठेवायचं नाही असं ठरवलं, तेव्हा तो जाऊन चार वर्षं झाली होती. लोक त्याच्या नकाराबद्दल बोलतात. मला त्या दुपारी त्याचं पहिलं खत आठवत होतं. लेखणी त्याच्या हातात होती, अक्षर त्याचं होतं.

चारला मी सरांकडे गेले. बँकेच्या फाईलसोबत दुसरा कागद नेला. सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"सगळीकडे असंच असतं हो. मागचं उकरून काय मिळणार?"

"सर, सेटिंग मी केलंय. वर लिहायचं असेल तर माझ्या नावाने लिहा."

"तुमच्यावर येईल हे."

"हो सर."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "हे तुमच्या चर्चचं काही आहे का?"

या प्रश्नाची मी कित्येक वर्षं वाट पाहिली होती. कामाच्या ठिकाणी कोणीतरी माझ्या विश्वासाबद्दल आपणहून विचारावं, म्हणून पाठ केलेली उत्तरंही होती. त्यातलं एकही कामाचं नव्हतं. मी म्हणाले, "सर, मजुराचे पैसे रात्रभरसुद्धा ठेवू नका असं आमच्या शास्त्रात आहे. मी चौदा महिने ठेवलेत. मला ते माहीत असूनही." आवाज नीट निघत नव्हता.

सेटिंग त्याच संध्याकाळी बदललं. पंच होईल तो मिनिट धरायचा, राउंडिंग नाही. त्या महिन्याचा फरक त्याच फाईलमध्ये घातला. बँकेची वेळ जेमतेम गाठली. मागच्या थकबाकीसाठी सरांनी वर पत्र पाठवलं. मला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच होती.

प्रार्थनासभेला येत नाही असं सांगायला मी पाळकांना फोन केला आणि पत्रकं वाटली नाहीत हेही सांगितलं. ते म्हणाले, "अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी जा." मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं: आधी ज्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे त्याच्याशी समेट, मग अर्पण. पुढे काही बोलले नाहीत.

येशूची सुवार्ता तोंडाने सांगायचीच नाही, असं माझं म्हणणं नाही. सांगायलाच हवी. पण आमच्या मंडळीच्या मिशनच्या अहवालात किती पत्रकं, किती भेटी, किती दान असे रकाने आहेत. आपण कोणाचं काय देणं लागतो, हा रकाना नाही. १९७४ मध्ये लोझानला भरलेल्या जागतिक ख्रिस्ती परिषदेच्या जाहीरनाम्यात सुवार्ताप्रसार आणि सामाजिक जबाबदारी एकमेकांच्या विरुद्ध मानल्याबद्दल उघडपणे खेद लिहिला गेला. त्याआधी १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विश्वास आणि रोजचं जगणं यांतली फारकत ही आपल्या काळातल्या गंभीर चुकांपैकी एक म्हटली. हे सगळं आम्ही अभ्यासगटात वाचलं होतं, मान डोलावली होती. हजेरीच्या सेटिंगशी त्याचा संबंध लावायला एक शिवलेली वही लागली.

दुसऱ्या दिवशी मावशींची पाळी सुटायच्या आधी मी खाली गेले. माझ्या टेबलापाशी बोलवायचं नाही, असं ठरवलं होतं. त्या बादल्या मोजत होत्या. मी सांगितलं, की मशीनची चूक नव्हती, तसं करायला मी सांगितलं होतं, आणि मला माफ करा. मावशींनी मोजणं थांबवलं नाही. अकरा, बारा, तेरा. मग वर पाहिलं.

"माझं एकटीचं का सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. एकतीस जणांचं."

"मग ठीक," त्या म्हणाल्या आणि वहीसाठी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी पान उघडलं, कानामागची पेन्सिल काढली आणि किल्ल्या देऊन झाल्यावर मशीनकडे गेल्या. परत येऊन लिहिलं: दोन अकरा.

वरून सहा महिन्यांची थकबाकी मंजूर झाली. राहिलेल्या आठ महिन्यांसाठी मी दर महिनाअखेरीला पत्र देते. सर सही करून वर पाठवतात. आतापर्यंत चार गेली. मावशी वही घेऊन त्याच दिवशी अडीचला येतात, आता खुर्चीवर बसतात. त्या वाचतात, मी पडद्यावर बघते. गेल्या महिन्यात दोन दिवस जुळले नाहीत. एका दिवशी त्यांनी तीनाचा आठ वाचला होता. दुसऱ्या दिवशी चूक माझी होती.