चंद्रकळेची गोधडी: काम अर्ध्यावर, पुढच्यांसाठी मापं आणि खाचाखोचा

कार्तिकात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, गुडघ्याएवढा झाला की काळ्या रानात पेरणीच्या ओळी लांबून मोजता येतात. यंदाच्या गोधडीचं डिझाइन तिथलंच. ठिगळांचा रंगीत खेळ मुद्दाम कमी ठेवलाय. काळ्या चंद्रकळेवर पांढरा धावदोरा, नक्षी काय ती टाक्यांचीच. संक्रांतीच्या सुमारास जुन्या काळ्या साड्या कपाटातून बाहेर निघतात, त्यामुळे कापड जमवायला हाच काळ बरा.

तयार माप 60 बाय 90 इंच. मध्यभाग 40 बाय 70, भोवती इरकलीच्या काठाचा 10 इंची पट्टा. पट्टा कापताना मात्र 12 इंच धरायचा, कारण दाट धावदोऱ्याने कापड आत ओढलं जातं. शिवणीचा अर्धा इंच वेगळा. नऊवारी मधे विरते, काठ टिकतात. इरकलीचे काठ लागतील तसे एकमेकांना जोडून चारही बाजूंचा पट्टा करायचा आणि पदर शिल्लक ठेवायचा.

थर पाच: वर चंद्रकळा, खाली अस्तर, मधे जुन्या सुती धोतराचे आणि साडीचे तीन. चंद्रकळेच्या लगेच खालचा थर गडदच हवा. तिथे पांढरं धोतर आलं तर विरलेल्या जागी काळा रंग राखाडी दिसतो आणि सुईबरोबर पांढरी लव वर येते. कापडात सिंथेटिक धागा आहे का, हे एक धागा जाळून कळतं: सुताची राख होते, सिंथेटिकचा कडक मणी. तसलं कापड बाजूला ठेवा, पाच थरांत सुई अडते.

रंगाची परीक्षा टाळूच नका. ओलं पांढरं फडकं काळ्यावर आणि इरकलीच्या लाल पदरावर दाबून पाहा. रंग लागला तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मीठ-तुरटीच्या भरवशावर राहू नका. नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढरा दोरा मळकट होतो, आणि तो पुन्हा उजळत नाही.

थर जमिनीवर अंथरून, कोपऱ्यांवर वजन ठेवून ताणायचे. मग मध्यापासून कडेकडे कच्चे टाके, दर 6 इंचांवर. पारंपरिक गोधडी कडेने सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी आत जाते. कच्चे टाके विरळ पडले तर सगळी सैल चुण मध्यभागी गोळा होते आणि तिथे फुगा येतो. तो मग उसवूनच काढावा लागतो. सकाळच्या तिरप्या उन्हात गोधडी पसरली की दुपारी न दिसणारी लाटही सावलीने दिसते. हिवाळ्याचा हा खरा फायदा.

तिफण, म्हणजे पेरणीचं तीन फणांचं अवजार, तीन ओळी एकदम पेरते, म्हणून ओळीही तीन-तीनच्या: दोन ओळींत पाव इंच, तीन झाल्या की पाऊण इंच मोकळं. मोकळी जागा दीड इंचाच्या वर नेऊ नये, धुताना आतले थर सरकतात. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, सुईवर एका वेळी तीन-चार. दोरा हातभरच; लांब घेतला तर पाच थरांतून घासून पिंजतो आणि गाठी पडतात. मेण लावलं की सरळ चालतो. गाठ थरांच्या आत ओढून लपवायची.

आजवर पट्टा जोडून झाला, कच्चे टाके पूर्ण, मध्यभागाच्या निम्म्या ओळी भरल्या. ओळींमधल्या मोकळ्या जागेत संक्रांतीच्या हलव्यासारखे पांढरे ठिपके टाकायचे आहेत. त्यासाठी गुंडाळलेल्या गाठी नकोत, अंगाखाली टोचतात आणि लवकर तुटतात. छोटी फुली चालते.

कोपऱ्यांसाठी इरकलीचा लाल पदर राखून ठेवलाय. 4 इंची चौकोन दोनदा तिरपा दुमडून त्रिकोण, असे तीन एकावर एक, प्रत्येक कोपऱ्यात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांना असंच फूल लावतात. पदराचं रेशीम निसटतं, म्हणून कापल्याबरोबर कडा दुमडून टाचून घ्याव्यात आणि इस्त्री मंद ठेवावी.