डुमसची काळी वाळू आणि सूनबाईची अंगठी

बहिणीचा फोन आला तेव्हा मी शेतात केळीला पाणी सोडत होतो. नुसती रडतच होती. म्हटलं काय झालं ताई, नीट सांग, तर म्हणे सूनबाईची अंगठी डुमसला समुद्रात गेली. भाच्याचं लग्न होऊन जेमतेम दोन महिने झालेले, दोघं सुरतला उधन्याला काकांकडे गेले होते आणि रविवारी सगळे मिळून समुद्रावर फिरायला. अंगठी साधी असती तर ताईने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. आमच्या आईची जुनी पोत मोडून जळगावला करून घेतलेली ती, पाच ग्रॅमची, आतल्या बाजूला आईच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं. आई जाऊन तीन वर्षं झाली. मी लगेच म्हटलं, मी जातो.

माझ्याकडे मेटल डिटेक्टर आहे. सेकंडहँड घेतला होता, नांगराच्या पिना, नट-बोल्ट शेतात पडले की शोधायला. मग नाद लागला. उन्हाळ्यात गोमाई नदी कोरडी पडली की शहाद्याजवळच्या पात्रात सकाळी तासभर फिरतो. बैलाच्या गळ्यातली घंटी, घोड्याची नाल, पाच-दहा पैशाची नाणी असं काय काय निघतं. तापीकाठच्या प्रकाशा गावाला मात्र मशीन कधीच नेत नाही. एक तर तिथे लोक श्रद्धेने तापीत सोडतात ते त्यांचं तापीला दिलेलं आहे, आणि दुसरं म्हणजे तिथल्या टेकाडात १९५५ साली पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलंय, ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती निघाली तिथे, अशा जागी आपण खुरपं लावणं म्हणजे पापच. कायदाही आहे, १८७८ चा, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. हे सगळ्यांनी माहीत करून घ्या आणि मगच मशीन हातात घ्या.

तर अमावस्या बघून निघालो. अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी तशी ओहोटीपण मोठी, पाणी लांब मागे जातं, जास्त वाळू उघडी पडते. अंगठी पडून तोपर्यंत बारा दिवस झाले होते. ताईने दशम्या, लसणाची चटणी आणि कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या, नंदुरबारला पॅसेंजर पकडली. भाचा आणि सूनबाई सोबत. ती पोरगी खिडकीशी बसून एक शब्द बोलत नव्हती, सारखं डाव्या हाताचं बोट चोळायची. नवापूर आलं, तिथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, प्लॅटफॉर्मवरचं एक बाकडंसुद्धा दोन राज्यांत वाटलेलं. एरवी पाहुण्यांना मी हे हौसेने दाखवतो, त्या दिवशी कोणाचंच लक्ष नव्हतं. मशीनची पिशवी बघून समोरचे बाबा विचारायला लागले, कथा चालनात भाऊ (कुठे चाललात)? सांगितलं तर म्हणे समुद्रमा काय शोधतस, समुद्र काय परत देतो का कधी.

उधन्याला उतरलं की आपल्या गावात आल्यासारखंच वाटतं. रिक्षावाला अहिराणी, चहावाला अहिराणी, गल्लीत अर्धी घरं धुळे-जळगावकडची. पिशव्या टाकल्या, चहा घेतला आणि तसेच डुमसला, कारण संध्याकाळची ओहोटी गाठायची होती. तिथल्या चौकीवर आधी जाऊन सांगितलं की असं असं शोधायला आलोय, नाहीतर लोकांना भलताच संशय येतो.

आता डुमसची वाळू काळी आहे हे मला ऐकून माहीत होतं, पण एवढी काळी असेल असं वाटलं नव्हतं. मूठभर घेऊन तळहातावर पसरली आणि शेतात लोखंड गोळा करायला वापरतो तो लोहचुंबक वरून फिरवला तर त्याला दाढी फुटावी तसे बारीक काळे कण चिकटले. हे लोखंडी खनिज आहे, आपल्या काळ्या दगडातलं. आपला सगळा मुलूख बेसाल्टचा, तो झिजून झिजून तापीतून इथवर आला आणि समुद्राने किनाऱ्यावर पसरला. म्हणजे एका अर्थाने आपल्याच मातीत शोधत होतो.

पण मशीन ओल्या वाळूत नेलं आणि नुसता कल्ला. कॉइल, म्हणजे मशीनची खालची चकती, जरा वर-खाली झाली की आवाज, लाट मागे गेली की आवाज, काही नसताना आवाज. गोमाईत इतकं शांत चालणारं मशीन इथे एक मिनिट गप्प बसेना. कारण मला ठाऊक होतं पण अनुभव पहिल्यांदाच घेतला. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली वाळू स्वतःच मशीनला धातूसारखी वाटते. त्यात काळ्या वाळूतलं लोखंड वेगळाच परिणाम करतं. माझं मशीन एकाच फ्रिक्वेन्सीचं, त्याला जमिनीशी जुळवून घ्यायला लावलं की ते एक तर मीठ गप्प करतं नाहीतर लोखंड गप्प करतं, दोन्ही एकदम नाही. त्यासाठी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन लागतं किंवा पल्स इंडक्शनवालं, म्हणजे विजेचे थांबून थांबून ठोके सोडणारं, समुद्रात उतरून शोधणारे लोक तेच वापरतात. मी सेन्सिटिव्हिटी निम्म्याखाली आणली, कॉइल वाळूला समांतर ठेवून अगदी हळू फिरवायला लागलो तेव्हा जरा बरं झालं, पण त्यात खोली गेली, चार बोटांखालचं काही कळेना. आणि बारा दिवसांच्या लाटांनी सोनं कुठे ठेवलेलं असतं? ते वाळूपेक्षा कितीतरी जड, लाटेने वाळू हलली की ते खाली खाली जातं आणि कडक थर लागला की तिथे थांबतं. हातभर खाली असेल तर माझ्या मशीनला ते दिसणारच नव्हतं.

तरी दोन तास फिरलो. भाच्याने फोनमधले फोटो उघडले होते, मागचा दिव्याचा खांब आणि स्टॉलची निळी ताडपत्री जुळवून त्याने मला बरोबर जागेवर उभं केलं. चार चाळीसच्या फोटोत बोटात अंगठी, ते घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. त्यानंतरचा फोटोच नाही, आणि घरी जायला गाडीत बसल्यावर बोटात अंगठी नाही हे लक्षात आलं. म्हणून सगळ्यांनी धरून चाललेलं की पाण्यातच गेली. अंधार पडायला लागला आणि पाणी फिरलं. इथे खंभातच्या आखाताचं पाणी आहे, भरती भराभर चढते आणि खाली चिखल, तिथे रेंगाळायचं नाही म्हणजे नाही. रिकाम्या हाताने परत.

रात्री जेवायला शेवभाजी होती, कोणाचं जेवणात मन नव्हतं. काकांची मुलगी कॉलेजला आहे, ती सहज म्हणाली माझ्यापण मोबाईलमध्ये त्या दिवसाचे फोटो आहेत, बघायचेत का. आम्ही आजवर भाच्याचाच फोन बघत होतो! तिने गॅलरी उघडली आणि पाच वाजून वीस मिनिटांचा फोटो, सूनबाईच्या हातात टमेटाच्या भज्यांची प्लेट (डुमसला गेलात तर ही भजी खाच), आणि फोटो मोठा करून बघितला तर बोटात अंगठी. पाण्यातून बाहेर आल्यानंतरचा फोटो!

सूनबाईला म्हटलं बेटा शांत डोक्याने आठव, भजी खाल्ल्यावर काय केलंस. ती डोळे मिटून बसली. मग म्हणाली, मामा, हात तेलकट झाले होते, स्टॉलच्या मागे जाऊन बाटलीच्या पाण्याने धुतले आणि रुमाल नव्हता म्हणून झटकले. झालं. पाण्यात राहून बोटं आधीच आकसलेली असतात, वर तेल, वर झटका. जाणकार लोक सांगतात ना की समुद्रात गेली म्हणतात त्यातल्या बऱ्याच वस्तू लोक बसतात, कपडे बदलतात, हात पुसतात तिथेच असतात, ते मी किती वेळा वाचलं होतं आणि तरी पहिल्या दिवशी सरळ पाण्याकडे गेलो. शोधायला बाहेर पडणाऱ्यांनी एवढं लिहून ठेवा, मशीन चालू करायच्या आधी माणसाला नीट विचारा आणि सगळ्यांचे फोन बघा.

सकाळी सहाला स्टॉलमागे. भरतीच्या कचऱ्याची रेघ बरीच खाली होती, म्हणजे इथवर पाणी आलंच नव्हतं. वाळू कोरडी. आणि कोरड्या वाळूत मिठाचा त्रास नाही, फक्त लोखंडाचा, तेवढं एक माझं मशीन छान जुळवून घेतं. कॉइल चार-पाच वेळा वर-खाली करून जुळवलं आणि ते गोमाईत असतं तसं शांत झालं. भाच्याने काठीने चौकोन आखले, एक चौकोन संपल्याशिवाय दुसरा नाही.

पातळ सोनं आणि खाऊची फॉइल यांचा आवाज मशीनला जवळपास सारखाच वाटतो, त्यामुळे फॉइल टाळायची म्हटली की अंगठीपण टाळली जाते. प्रत्येक आवाज खणायचा. फॉइल, फॉइल, बाटलीचं बूच, स्टीलचा रुपया (तो लोखंडासारखा तुटक वाजतो), परत फॉइल. एक चांदीचं जोडवं निघालं, ते नंतर चौकीवर दिलं. भोकाभोकाच्या झाऱ्याने वाळू उचलायची, हलवायची, काय उरलं ते बघायचं. स्टॉलवाले काका दुकान उघडायचं सोडून आमच्याकडे बघत उभे.

पाचव्या चौकोनात, लाकडी खुंटीपासून दोन हातांवर, तसाच फॉइलसारखा आवाज. पण दोन्ही बाजूंनी कॉइल फिरवली तरी तस्साच, जागा न सोडणारा. झारा मारला, हलवला, काळी वाळू खाली गेली आणि मधोमध पिवळी कड उभी राहिली. मी हात लावला नाही. सूनबाईला म्हटलं, तू घे. ती वाळूतच बसून रडायला लागली, भाचा तिकडे ताईला फोनवर नुसतं सापडनी, सापडनी एवढंच ओरडत होता.

संध्याकाळी शहाद्याला ताईने अंगठी दिव्याखाली धरली. आतल्या अक्षरात काळी वाळू घट्ट बसलेली, बाकी कुठे नाही, फक्त अक्षरात. टाचणीने तिने ती काढली, ओट्यावर पडलेले कण बोटाने गोळा केले आणि तुळशीच्या कुंडीत टाकले. सोनाराकडे देऊन अंगठी एक नंबर लहान करून आणलीय आता.