आमची वाटचाल : गाळ्यातून गाळाकडे

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला तेव्हा आमचं काम निव्वळ फॅब्रिकेशनचं होतं. टाक्या, जिने, पाइपांचे सांगाडे. एकाला सांडपाण्याची टाकी बनवून दिली आणि महिनाभरात त्याचा फोन, "दादा, तुमची टाकी वास मारतेय." टाकीचं वेल्डिंग अजून शाबूत आहे. आतले घाण खाणारे जिवाणू मेले होते. टाकी आमची, मग जिवाणू कुणाचे? या भांडणातूनच आम्ही सांडपाणी शुद्ध करण्याच्या धंद्यात शिरलो.

आज आम्ही मुख्यतः एमबीबीआर (मूव्हिंग बेड बायोफिल्म रिअॅक्टर) बसवतो, म्हणजे जिवाणूंकडून सांडपाणी साफ करून घेणारा प्लांट. हे तंत्र 1980 च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत तयार झालं. टाकीत प्लास्टिकची छोटी जाळीदार चाकं सोडायची. आमची पोरं त्यांना चकल्या म्हणतात. त्या पाण्यापेक्षा किंचित हलक्या असतात. खालून ब्लोअरची हवा आली की टाकीभर घुसळतात आणि त्यांच्या अंगावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. पाण्यातली घाण खाण्याचं काम तो थर करतो. चकल्या अडवायला तोंडाशी जाळी असते. आमच्या दुसऱ्याच प्लांटवर त्या जाळीचा टाका सुटला आणि निम्मा माल नाल्यात गेला. दोन दिवस चाळण्या घेऊन वेचत होतो. वेल्डर कोण होता? मीच.

गंगापूर रोडच्या एका सोसायटीत चेअरमन काका रात्री ब्लोअर बंद करायचे. "अहो, रात्री संडासला जातं कोण?" वीजबिलाचं त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. पण जिवाणूंना रात्रीही श्वास लागतो. शेवटी टायमर लावून मध्यममार्ग काढला.

खरा धडा दिला दिंडोरीकडच्या एका वायनरीने. तिथे वर्षभराच्या पाण्याची सरासरी काढून आम्ही टाकीचं माप ठरवलं. शुद्ध गाढवपणा! द्राक्षं येतात जानेवारी ते मार्चमध्ये, तेव्हा धुण्याचं पाणी आंबट, साखरेने भरलेलं, सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण मोजायचा आकडा, हजारांत. पुढे नुसता ठणठणाट. पहिल्याच हंगामात टाकीवर कंबरभर फेस आला, गाळ बसेना. शिवाय त्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस जवळपास नसतंच. जिवाणूंना शंभर भाग बीओडीमागे (म्हणजे त्यांना खाता येणाऱ्या घाणीमागे) पाच भाग नायट्रोजन आणि एक भाग फॉस्फरस लागतं, म्हणून युरिया आणि डीएपीची पोती आणली. मॅनेजर म्हणाले, "साहेब, हे तर आम्ही बागेला टाकतो." मी म्हटलं, इथेही पीकच आहे. मग चुना टाकून सामू वर आणला आणि पाणी साठवून सावकाश सोडता यावं म्हणून प्लांटच्या आधी मोठी टाकी बांधली, तीही आमच्या खर्चाने. त्या वर्षी नफा झाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून कोटेशनमध्ये वर्षभराची देखभाल आम्ही धरतोच. महाग म्हणून काही गिऱ्हाइकं निघून जातात, जाऊ देत. ऑपरेटरला आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो ते वास घ्यायला. ओल्या मातीचा वास आला तर ठीक, सडक्या अंड्याचा आला तर आधी ब्लोअर बघ, मग मला फोन कर.

2027 च्या सिंहस्थामुळे गोदावरीच्या पाण्याची चर्चा वाढलीय, चौकशीचे फोनही वाढलेत. डिसेंबरात मात्र आम्ही नवं काम घेत नाही. वायनरीतले झोपलेले जिवाणू हंगामाआधी उठवायचे असतात. शेणकाल्यापेक्षा चालू प्लांटचा जिवंत जिवाणूंचा गाळ लवकर लागू पडतो, म्हणून सोसायटीतून चार ड्रम भरून दिंडोरीला न्यायचे. आमचा ड्रायव्हर आत्तापासूनच कुरकुरतोय.