कोऱ्या क्रँककेसची फाइल

व्हॅन अखेर माझ्या नावावर झाली. फोक्सवॅगन टाइप २, १९७२ चं मॉडेल, आत वेस्टफालिया या जर्मन कंपनीची राहण्या-झोपण्याची मांडणी, वर उचलायचं छप्पर. गंजलेले पत्रे कापणं, नवे जोडणं, छपराचं कापड बदलणं यावर मी फार बोलणार नाही. चांगला वेल्डर भेटला की ती कामं होतात. मला छळलं ते हस्तांतरणाच्या अर्जातल्या इंजिन क्रमांकाच्या रकान्याने.

चासी क्रमांकाची चिंता नव्हती. तो इंजिनाच्या कप्प्यात पत्र्यावर ठोकलेला असतो. २३ ने सुरू झाला म्हणजे गाडी मुळात कोंबी, म्हणजे खिडक्यांची, माणसं आणि सामान दोन्ही नेणारी व्हॅन, आणि तिसरा आकडा मॉडेलच्या वर्षाचा. इथे एक मेख आहे. ७२ चं मॉडेल ऑगस्ट १९७१ पासूनच बनायला लागलं होतं, त्यामुळे जुन्या कागदावर ७१ दिसलं तर घाबरू नका. नोंदणी कार्यालयातला खिडकीवरचा माणूस मात्र घाबरतो. त्याला हे दोनदा सांगावं लागतं.

इंजिनाचा क्रमांक डायनामोच्या स्टँडखाली, क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या कवचावर असतो. हे १६०० सीसीच्या इंजिनाबद्दल. त्याच वर्षी आलेलं १७०० चं इंजिन वेगळ्या घडणीचं, त्यात ही जागा शोधत बसू नका. तपासायला आलेल्या साहेबांनी टॉर्च मारला आणि विचारलं, "काका, नंबर कुठाय?"

नंबर नव्हताच. आधीच्या मालकांनी क्रँककेस नवीन बसवली होती, आणि बदली म्हणून मिळणाऱ्या अशा केस अनेकदा कोऱ्याच येतात. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गाडी मी रात्रीतून पळवून आणली होती. "घासून काढलाय का?" मी म्हटलं, घासला असता तर ओरखडे दिसले असते, बोट फिरवून बघा. बोट काही फिरवलं नाही. शेरा मात्र मारला, आणि तिथून फाइल जी निजली ती निजलीच.

एका खिडकीवर म्हणायचे, रकाना रिकामा चालत नाही. दुसरीवर म्हणायचे, जुनाच क्रमांक लिहा. लिहिला असता तर तपासणीत पुन्हा तोच घोळ! कोणी तरी हलक्या आवाजात सुचवलं, पंच आणून तुम्हीच ठोका की. हे चुकूनही करू नका. आपल्या हाताने ठोकलेला क्रमांक म्हणजे साध्या शंकेचा गुन्हा करून घेणं. आणि कोणीही ऐकून घेत असताना आपला आवाज चढवू नका. मला हे जमलं नाही, आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नाही.

सुटका केली ती आधीच्या मालकांच्या सवयीने. त्या गृहस्थांनी प्रत्येक सुट्या भागाचं बिल जपून ठेवलं होतं. क्रँककेसचं बिल, ती बसवणाऱ्या मेकॅनिकचं सहीचं पत्र, कोऱ्या जागेचे जवळून काढलेले फोटो आणि माझा लेखी अर्ज: क्रमांक तुमच्या देखरेखीखाली ठोकून द्या. हे सगळं एका वरिष्ठ बाईंनी शांतपणे वाचलं आणि एवढंच विचारलं, "हे आधी का नाही दिलंत?" आधी मागितलं कोणी होतं? पण त्यांनी सही केली, म्हणून मी गप्प बसलो.

तेव्हा जुनी व्हॅन घेताना इंजिन सुरू करून ऐकण्याआधी डायनामोखाली टॉर्च मारा आणि बिलांची फाइल मागा. फोटो इंजिन खाली उतरलेलं असतानाच काढा, नंतर पंख्याच्या आवरणाआडून मान वाकडी करावी लागते. आमच्या वयात ती सरळ व्हायला वेळ लागतो. वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडून गाडीचा जन्मदाखला मागवता येतो. गाडी कधी बनली हे सांगायला तो उत्तम, पण कोऱ्या केसच्या भांडणात त्याचा काही उपयोग नाही.

फाइल झोपली होती तेवढ्या काळात मी व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर ०.१५ मिमीला लावून घेतली. आणि हो, सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते राहिलंच: पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्याशिवाय तपासणीलासुद्धा गाडी नेऊ नका. वर कापडी विणीचं आवरण असेल तर आतल्या भेगा दिसत नाहीत, आणि या इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. एकदा नीट पेटली की पाण्याने विझत नाही, उलट भडकते.