तिघा नटांचा हिशेब

एम.ए. नाट्यशास्त्राला पाश्चात्त्य रंगभूमीच्या पेपरात ग्रीक-रोमन भाग होता, आणि वर्गातली बरीच मंडळी तो ऑप्शनला टाकायच्या बेतात होती. नावं जड, देव फार, नोट्समध्ये नुसत्या व्याख्या. मी वर्गात वयाने सगळ्यांत मोठा. हौशी संघात वर्षानुवर्षं विंगेत उभं राहून एन्ट्र्या सोडण्याचं काम केलेलं. व्याख्या पाठ होईनात, पण नाटक उभं कसं राहतं ते मला कळत होतं. म्हणून ॲरिस्टॉटल, म्हणजे त्या ग्रीक तत्त्वज्ञाचं नाटकावरचं 'काव्यशास्त्र', बाजूला ठेवला आणि आधी नाटकंच वाचायला घेतली. उद्या हे बसवायला सांगितलं तर काय लागेल, एवढाच प्रश्न डोक्यात.

संहिता मिळायला त्रास पडला नाही. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस डिजिटल लायब्ररीत मूळ ग्रीक आणि इंग्रजी भाषांतर फुकट वाचता येतं. खरी अडचण पुढे आली. मूळ संहितांत रंगसूचना जवळजवळ नाहीतच. कोण कधी आलं, कुठून गेलं, हे संवादांतूनच शोधायचं. भाषांतरात कंसात दिसतात त्या सूचना भाषांतरकाराच्या, नाटककाराच्या नव्हेत.

मार्ग सापडला तो नटांच्या संख्येत. दुसरा नट एस्किलस या ग्रीक नाटककाराने आणला आणि तिसरा त्याच्यामागून आलेल्या सोफोक्लीसने, असं ॲरिस्टॉटल सांगतो. पुढेही शोकांतिका बोलणाऱ्या तिघांतच भागवत. तिघेही पुरुष, तिघेही मुखवट्यात, कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, वेगळा. मी वहीत तीन रकाने आखले आणि प्रत्येक प्रवेशात कोण कुणाच्या वाट्याला येतं ते भरत गेलो. विंगेत मेकअप पुसून दुसऱ्या भूमिकेत पाठवताना नटाचे काय हाल होतात ते पाहिलेलं असल्यामुळे यात मजा यायला लागली. मुखवटा डोक्यावरून चढवायचा असल्याने त्यांचं काम त्या मानाने झटपट होत असणार.

एस्किलसच्या इ.स.पू. ४५८मधल्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीचा दुसरा भाग घ्या. बापाच्या खुनाचा सूड म्हणून ओरेस्टीस आईला मारायला आलेला आहे. ओरेस्टीसचा मित्र पिलाडीस सुरुवातीपासून त्याच्याबरोबर आहे, पण तोंडातून अक्षर नाही. प्रेक्षक त्याला मूक पात्र समजून सोडून देतो. मग आई समोर उभी राहते, ओरेस्टीसचा हात थबकतो, तो मित्राला विचारतो, काय करू? आणि पिलाडीस बोलतो. तीन ओळी, अपोलोच्या आज्ञेची आठवण देणाऱ्या, बस. नंतर पुन्हा गप्प. आता रकान्यात पाहिलं तर त्याच्या डझनभर ओळी आधी एक नोकर ओरडत येऊन गेलेला आहे. तोच नट मुखवटा बदलून पिलाडीस म्हणून आला असावा, असा तर्क प्राचीन टीपाकारानेच करून ठेवलाय. माझ्या हातात ती एन्ट्री असती तर मला घाम फुटला असता. सोफोक्लीसच्या शेवटच्या, कोलोनसमध्ये घडणाऱ्या नाटकाचा तक्ता मात्र तीन रकान्यांत सरळ बसतच नाही. अथेन्सचा राजा थिसियस याची भूमिका एकाहून अधिक नटांत वाटा, नाहीतर चौथा नट माना. अभ्यासक यावर अजून भांडतात.

रोमन भागाला हा तक्ता फारसा उपयोगी पडला नाही, तिथे तिघांचं बंधन दिसत नाही. तिथे मी दरवाजे मोजले. प्लॉटस आणि टेरेन्स या रोमन नाटककारांच्या प्रहसनांत रंगमंच म्हणजे रस्ता, मागे शेजाऱ्यांची घरं. कोण कुठल्या दारातून बाहेर पडतं यावर अर्धा विनोद. आज फ्रान्समधल्या ऑरांज किंवा तुर्कस्तानातल्या आस्पेन्डोस इथल्या रोमन नाट्यगृहांच्या भव्य दगडी भिंतींचे फोटो पाहून आपण या दोघांना तिथे उभं करतो, ते चूक. त्यांच्या हयातीत रोममध्ये कायमचं दगडी नाट्यगृहच नव्हतं. उत्सवापुरता लाकडी मंच बांधायचा आणि मोडायचा. रोममधलं पहिलं तसं, सेनापती पॉम्पेने बांधलेलं नाट्यगृह इ.स.पू. ५५मधलं, म्हणजे टेरेन्सला जाऊन शंभर वर्षं उलटल्यावरचं. टेरेन्सच्या 'हेकिरा' (सासू) या नाटकाचा प्रयोग दोनदा पडला. एकदा लोकांचं लक्ष डोंबाऱ्याच्या दोरीवर गेलं, दुसऱ्यांदा ग्लॅडिएटर येणार अशी हूल उठली. तिसऱ्या वेळी नाटक पार पडलं. हे सगळं टेरेन्सच्याच प्रस्तावनेत आहे. जत्रेत नाटक लावलेल्या कुणालाही वेगळं समजावून सांगायला नको.

ॲरिस्टॉटल सगळ्यात शेवटी वाचला, विंदा करंदीकरांच्या मराठीतून. तोवर उदाहरणं ओळखीची झाली होती, त्यामुळे तो पटापट संपला. रोमन शोकांतिकाकार सेनेकावर मी फार वेळ घालवला नाही; त्याची नाटकं वाचून दाखवायची की खेळायची हा वाद परीक्षेपुरता पाठ केला.

तोंडी परीक्षेत बाईंनी ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या 'आल्केस्टिस'वर विचारलं. त्यात राणी आल्केस्टिस नवऱ्याऐवजी, राजा ॲडमेटसऐवजी, मरते आणि हेराक्लीस तिला मृत्यूकडून सोडवून आणतो. मेलेली राणी शेवटी परत येते, पण बोलत नाही, असं का? मी तक्त्यावरून खुशीत सांगितलं की हे नाटक दोन नटांत जवळपास भागतं. शेवटी ॲडमेटस आणि हेराक्लीस दोघंही बोलतायत, त्यामुळे तिच्या मुखवट्यात मूक नट उभा असणार. बाई म्हणाल्या, नाटक इ.स.पू. ४३८चं, तिसरा नट तेव्हा वीस वर्षं तरी मिळत होता. मग बोलायला लावलं का नाही? नाटकात कारण दिलेलं आहे, पाताळातल्या देवांचं बंधन सुटायला तिसरा दिवस उजाडावा लागतो. ते मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढचा प्रश्न एपिडाउरसच्या प्राचीन ग्रीक नाट्यगृहावर टाकला.